फोन तीस टक्क्यांवर अचानक बंद पडतो? सीलबंद बॅटरीची तपासणी, बदली आणि खर्च

बॅटरी तीस टक्के दाखवत असते. तुम्ही फोटो काढायला कॅमेरा उघडता, किंवा किराणा दुकानात पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन करता, आणि फोन एकदम बंद होतो. घरी येऊन चार्जरला लावला की सत्तावीस टक्के दाखवत पुन्हा चालू. दोन दिवसांनी परत तेच. फोन घेऊन दोन-अडीच वर्षं झाली की ही तक्रार सुरू होते आणि उन्हाळा सरला की वाढते. आमच्या अकोल्यात तर जून लागला की ओळखीपाळखीतून हाच प्रश्न येत राहतो: "फोन गेला का? आता नवीनच घ्यावा लागेल का?"

बहुतेक वेळा फोन गेलेला नसतो, फक्त बॅटरी थकलेली असते. पण ती आता आत चिकटवलेली असते आणि वरून काच सीलबंद केलेली असते, त्यामुळे आपल्याला ती हाताने काढता येत नाही. म्हणून आधी नीट खात्री करून घ्या की दोष बॅटरीचाच आहे, आणि मगच पैसे खर्च करा. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

पहिल्यांदा फोन सपाट टेबलावर ठेवा

कव्हर काढा, फोन पालथा-उताणा करून ठेवा आणि बोटाने हलकं टेकवून बघा. डुगडुगतो का? स्क्रीनची एखादी कड उचललेली दिसते का? मागचं पॅनल एका बाजूने उघडलंय का, किंवा स्क्रीनच्या मधोमध दाबल्यासारखा फिकट डाग दिसतो का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगली आहे. आत रासायनिक बिघाडामुळे वायू तयार झालेला असतो आणि पातळ पिशवीसारखा सेल तो धरून बसलेला असतो.

अशा फोनवर पुढची एकही चाचणी करू नका. चार्जिंगला लावू नका, फोन बंद करा, उचललेली स्क्रीन दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि सुई-टाचणीने "हवा काढायच्या" भानगडीत तर मुळीच पडू नका. सेलला भोक पडलं की आतले दोन थर एकमेकांना टेकतात आणि आग लागू शकते. फोन फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. खिशात घालून बसमध्ये दाबला जाईल असा नेऊ नका. डेटा महत्त्वाचा असेल तर दुकानदाराला तसं सांगा. तो फुगलेली बॅटरी काढून नव्या बॅटरीवर फोन चालू करू शकतो.

फुगवटा नसेल तर पुढे चला.

तीस टक्के असूनही बंद का पडतो

स्क्रीनवर दिसणारा टक्क्याचा आकडा हा अंदाज असतो. फोनमधली एक चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला आणि व्होल्टेज किती आहे यावरून तो काढते. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.४ असतं. वापरता वापरता ते उतरतं, आणि सव्वातीन-साडेतीनच्या आसपास कुठेतरी फोन स्वतःला बंद करतो. सेल जुना झाला की आतल्या ग्राफाइटवर नको त्या संयुगांचा थर जाड होत जातो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. सेलमध्ये मावणारा चार्ज कमी होतो, आणि आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो.

अचानक बंद पडण्याचं कारण ही दुसरी गोष्ट आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, पण पाइपात क्षार साचला आहे असं समजा. एक नळ उघडला तर धार येते, तीन नळ एकदम उघडले की धार तुटते. कॅमेरा, फ्लॅश, पूर्ण उजेडातली स्क्रीन आणि जीपीएस एकदम चालू झाले की फोन मोठा करंट मागतो. वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज क्षणभर खाली कोसळतं आणि फोन बंद होतो. चार्ज मात्र आत शिल्लक असतोच, म्हणून चार्जर लावल्यावर जवळपास तोच आकडा परत दिसतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. डिसेंबरातल्या निफाडच्या पहाटे जुना फोन चाळीस टक्क्यांवर बंद पडला तर नवल नाही.

याच कारणावरून ॲपलवर मोठं प्रकरण शेकलं होतं. जुन्या बॅटरीमुळे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटपासून कंपनीने त्या फोनच्या प्रोसेसरचा वेग गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७ मध्ये तिला ते कबूल करावं लागलं. मग बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलर झाला आणि भारतातही तो बराच उतरवला गेला. २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक यंत्रणेने ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. या प्रकरणातून आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही: नवी बॅटरी घातली की तेच "म्हातारे" फोन पुन्हा पहिल्यासारखे पळू लागले. तोवर कितीतरी लोकांनी फोन संथ झाला म्हणून नवा घेऊन टाकला होता. तुमचा फोन बंद पडण्यासोबत मंदही झाला असेल, तर तो कचऱ्यात काढण्याआधी हे लक्षात घ्या.

दोष खरंच बॅटरीचा आहे का

आधी चार्जर आणि पिन तपासा. फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात डोकवा. खिशातला कापूस, धूळ, पिठाचे कण आत ठासून बसलेले असतात. लाकडी टूथपिकने हळुवार बाहेर काढा; धातूचं काही घालू नका. मग दुसऱ्या चांगल्या केबलने चार्ज करून बघा. "चार्ज टिकत नाही" म्हणून आलेल्या काही फोनमध्ये मुळात चार्ज भरतच नसतो, आणि तिथे बॅटरी बदलून एक पैशाचा फायदा होत नाही.

नंतर नेटवर्क. घरात एकच कांडी येत असेल तर फोन टॉवरला गाठायला जास्त ताकदीने सिग्नल सोडत राहतो. शेतातल्या वस्तीवर, डोंगराच्या आडोशाला, तळघरातल्या ऑफिसात हे फार होतं. फोन भराभर उतरतो पण अचानक बंद पडत नाही, असं असेल तर संशय आधी नेटवर्कवर घ्या. एक सोपी चाचणी आहे. रात्री फोन पूर्ण भरा, एअरप्लेन मोड लावा, सकाळी बघा. दोन-चार टक्के उतरला असेल तर सेल आपोआप रिकामा होत नाही आणि चार्ज खाणारं काहीतरी वेगळं आहे. पंधरा-वीस टक्के उतरला असेल तर सेल खराब आहे किंवा मदरबोर्डवर कुठेतरी गळती आहे. फोन पाण्यात पडून गेलेला असेल तर गळतीची शक्यता जास्त.

सेटिंगमध्ये कोणतं ॲप किती बॅटरी खातंय तेही बघा. मोठं अपडेट आल्यानंतरचे एक-दोन दिवस फोन आत फाइली लावत बसतो आणि जास्त तापतो, तेवढे दिवस निर्णय घेऊ नका.

आता बॅटरीची तब्येत. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या बॅटरी विभागात तिचा टक्का लिहिलेला असतो. ८० च्या खाली गेला की कंपनी स्वतःच बदला म्हणते. पिक्सेलच्या नव्या फोनमध्ये चार्जिंगच्या किती फेऱ्या झाल्या तो आकडा दिसतो. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपमध्ये तपासणी असते. बाकी अँड्रॉइडवर अॅक्युबॅटरीसारखं ॲप टाकून काही दिवस नेहमीप्रमाणे चार्ज करत राहिलं की ते अंदाज देतं. एका चार्जमध्ये दिसलेल्या आकड्यावर विसंबू नका.

शेवटची चाचणी म्हणजे ताण देऊन बघणं. फोन पस्तीस-चाळीस टक्क्यांवर असताना स्क्रीनचा उजेड पूर्ण करा, फ्लॅश लावून व्हिडिओ शूट करा. पाच मिनिटांत बंद पडला, आणि चार्जर लावून तेच केल्यावर पडला नाही, तर बॅटरीच. चार्जर लावूनही बंद पडत असेल तर मदरबोर्ड दाखवा.

आकडा उड्या मारत असेल, म्हणजे पन्नासवरून थेट अडतीसवर येत असेल, तर एकदा फोन पूर्ण उतरवून न थांबता पूर्ण भरून घ्यायला हरकत नाही. चिपचा अंदाज सुधारतो. पण गेलेली क्षमता याने परत येत नाही, आणि दर महिन्याला हे करणं सेलला मारकच आहे. बॅटरी फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आत दव साचून बोर्ड जातो.

एवढ्याशा सेलसाठी एवढा खर्च का

लिथियम-आयन सेल झिजणारच. ॲपल स्वतः सांगते की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, आणि १५ पासून पुढच्या १००० फेऱ्यांसाठी. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आत होतात. फोनचा प्रोसेसर, स्क्रीन, कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त टिकतात. जो भाग सगळ्यात आधी झिजणार हे फोन बनवतानाच माहीत आहे, नेमका तोच भाग डिंकाने चिकटवून ठेवायचा, याचा मला मनापासून राग येतो. मोटारसायकल घेताना टायर चासीला जोडूनच मिळतील असं कुणी म्हटलं तर आपण शोरूममधून बाहेर पडू.

नोकियाचे बीएल-५सी वाले फोन आठवून बघा. मागचं झाकण अंगठ्याने सरकवायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. गावच्या बाजारातही ती मिळायची. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात. आपल्याकडे चांगलीच घबराट पसरली होती. पण उपाय काय होता? बॅटरी काढून मागचा नंबर वाचायचा आणि सदोष असेल तर तेवढी बॅटरी बदलून घ्यायची, फोन आपल्याकडेच राहायचा. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा बॅटरी आत सीलबंद होती. कंपनीला आधी सुमारे २५ लाख फोनच्या फोन परत मागवावे लागले, आणि बदलून दिलेलेही पेटल्यावर ते मॉडेलच बंद करावं लागलं. दोष सेलचाच होता, पण वाया गेला अख्खा फोन.

पाण्यापासून संरक्षण हवं असेल तर बॅटरी सीलबंदच हवी, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. ते पूर्ण खरं नाही. २०१४ चा गॅलेक्सी एस५ पाणी-धुळीसाठी आयपी६७ दर्जाचा होता आणि त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं. पुढच्याच वर्षी एस६ आला तो चिकटवलेल्या काचेचा. आजही सॅमसंगच्या एक्सकव्हर मालिकेत बॅटरी हाताने निघते आणि दर्जा आयपी६८ आहे. एक्सकव्हर ७ भारतातही विकायला आला. तो कामगार आणि कंपन्यांसाठीचा फोन म्हणून विकतात, कारण ज्यांचं काम फोनवर अडतं त्यांना बॅटरी बदलता यायला हवी. आपलं काम अडत नाही का?

खरिपात शेतकऱ्याला बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पिकाचा फोटो काढावा लागतो. २०२१ पासून राज्यभर ही पद्धत आहे. भर उन्हात, पूर्ण उजेडाची स्क्रीन, जीपीएस, कॅमेरा, अर्धवट नेटवर्क: थकलेल्या बॅटरीला कोसळवायला लागतं ते सगळं एका ठिकाणी. फोन तिथे बंद पडला की पुन्हा घरी, पुन्हा शेतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, अडकतात, वॉरंटी संपली आहे आणि दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, या त्यांच्या तक्रारी होत्या. सगळा दोष बॅटरीचा नव्हता, पण दुरुस्तीचं ओझं कुणाच्या अंगावर पडतं ते त्यातून लख्ख दिसलं.

बदलायची कुठे, किती पैशांत

साध्या अँड्रॉइड फोनची बॅटरी स्थानिक दुकानात साधारण हजार ते दोन हजारांत बसवून मिळते. अधिकृत सेंटरचा दर बहुधा त्याच्या वर असतो, आणि महागड्या फोनला पाच हजार किंवा जास्तही लागू शकतात. बहुतेक कंपन्या आपल्या साइटवर सुट्या भागांचे दर देतात. जाण्याआधी तो आकडा बघा आणि त्यात मजुरी व जीएसटी धरली आहे का ते फोनवर विचारा. वॉरंटीत असाल तर कार्डावर बॅटरीचा वेगळा कालावधी लिहिला आहे का तेही वाचा.

दराबरोबर बाकीचा हिशोबही धरा. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचं एसटीचं भाडं, बुडालेला रोज, "पार्ट मागवलाय, चार दिवसांनी या" म्हटल्यावरची दुसरी फेरी. मागची काच उघडताना तडकली तर तिचे पैसे वेगळे. काही मॉडेलमध्ये बॅटरी स्क्रीनच्या चौकटीला अशी चिकटवलेली असते की सेंटरवाले सुटी बॅटरी बदलायला राजीच नसतात, अख्खा जोड बदला म्हणतात. २०२२ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत ग्राहकांना सुटे भाग विकायला सुरुवात केली, तेव्हा गॅलेक्सी फोनची बॅटरी स्क्रीनसकटच घ्यावी लागत होती. तुम्हालाही कुणी अख्खा जोड बदलायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. दुसऱ्या ठिकाणी विचारा.

माझं मत असं: फोन महाग असेल आणि तीन वर्षांच्या आतला असेल तर अधिकृत सेंटर. फोन जुना असेल आणि कंपनीकडे त्याची बॅटरीच नसेल, तर हात बसलेला स्थानिक कारागीर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या जिल्ह्याच्या मोबाईल गल्लीत असे लोक आहेत, जे काच गरम करून, पातळ पट्टी फिरवून, कंपनीत बसवल्यासारखी स्वच्छ बॅटरी बसवून देतात. त्यांचा दर कमी असतो म्हणून कामही कमी दर्जाचं असतं असं समजू नका.

दुकानात गेल्यावर मात्र बसवण्याआधी बॅटरी हातात घेऊन बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे; लेबलवर आयएस १६०४६ आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव आणि लेबल जुळत नसेल तर परत करा. बनवल्याची तारीख बघा. तीन वर्षं गोदामात पडून राहिलेला सेल पॅकबंद असला तरी म्हातारा झालेला असतो. आणि मूळ बॅटरी ४००० एमएएचची असताना त्याच मापाच्या बॅटरीवर ६००० लिहिलेलं असेल, तर तो आकडा खोटा आहे.

पावतीवर मॉडेल, बॅटरीची कंपनी आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या. काच पुन्हा बसवताना नवा चिकट पट्टा लावणार का ते विचारा. लावला तरी फोन आता पाण्यापासून पहिल्याइतका सुरक्षित नाही असंच धरून वागा. आयफोन असेल तर बाहेरची बॅटरी टाकल्यावर "मूळ भाग आहे याची खात्री करता येत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो आणि बॅटरीची तब्येत दिसणं बंद होऊ शकतं. बॅटरी खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. कंपनीने सेलच्या चिपची ओळख फोनशी बांधून ठेवलेली असते. दुकानदाराने हे आधी सांगितलं तर तो प्रामाणिक आहे असं समजा.

दुकान सोडण्याआधी तिथेच चार्जिंग लावून बघा, स्पीकर, बोटाचा ठसा, वायरलेस चार्जिंग आणि दोन्ही कॅमेरे तपासा. आतल्या फितीच्या पट्ट्या काढ-घाल करताना दुखावतात.

फोन देण्याआधी

गैरसोय इथेच सगळ्यात जास्त टोचते. पूर्वी बॅटरी बदलायला फोन कुणाच्या हातात द्यावाच लागत नसे. आता फोटो, बँक, व्हॉट्सॲप, आधार सगळं घेऊन तो अनोळखी टेबलावर जातो.

बॅकअप घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून जवळ ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो लावला की कारागिराला फोन चालवून तपासता येतो, पण तुमचा डेटा दिसत नाही. बॅटरी बदलायला डेटा पुसायची गरज नसते. सेंटरमध्ये "रिसेट करावा लागेल" म्हणाले तर कारण लेखी मागा.

आणि खिशात थोडी रोकड ठेवा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय पुन्हा सुरू करता येतं, पण नव्या फोनवर पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा कमी असते. घरातल्या वयस्करांचा फोन दुरुस्तीला देत असाल तर त्या दिवशी त्यांचा औषधवाल्याशी, डॉक्टरांशी संपर्क कसा होणार तेही ठरवून ठेवा.

घरी स्वतः बदलावी का

मागचं पॅनल प्लास्टिकचं आणि स्क्रूचं असेल, हात स्थिर असेल, तर जमतं. आधी बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवा, ओढायची पट्टी असेल तर तिनेच काढा, धातूचं हत्यार सेलखाली घालू नका. काचेच्या फोनला माझा सरळ नकार आहे. आयफोन १६ मध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीने करंट दिला की सुटणारा डिंक वापरला आहे. म्हणजे मनावर घेतलं तर कंपन्यांना हे सोपं करता येतं.

पुन्हा लवकर हीच वेळ येऊ नये म्हणून

नव्या बॅटरीला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता, त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेतली उष्णता. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलला नकाशासाठी लावलेला, चार्जिंगही चालू असलेला फोन हे त्याचं टोक. गाडीच्या डॅशबोर्डवर, उशीखाली, हॉटस्पॉट चालू ठेवून चार्ज करणं टाळा. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर लावून ठेवा. रोज शून्यापर्यंत उतरवू नका.

नवा फोन घेताना दुकानात एक प्रश्न विचारा: याची बॅटरी बदलायला किती लागतील आणि किती वर्षं मिळेल? युरोपात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे आणि सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी असा कायदाही आहे, पण १००० फेऱ्या टिकणाऱ्या आणि पाण्यात तगणाऱ्या फोनना फोनच्या नियमांत वेगळी वाट ठेवली आहे. बरेच महागडे फोन त्या वाटेने निसटतील असं मला वाटतं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवालही दिला, ज्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून करावी असं आहे. तो आकडा फोनच्या खोक्यावर ठळक छापणं सक्तीचं व्हायलाच हवं. आपल्याला दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दिसतात, बॅटरी बदलायचा खर्च दिसत नाही.

सेंटरने चालू मॉडेलची बॅटरी द्यायला नकार दिला, किंवा बॅटरीच्या नावाखाली स्क्रीन घ्यायला भाग पाडलं, तर नकार लेखी किंवा ईमेलवर घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

काढलेली जुनी बॅटरी दुकानदाराकडे ई-कचऱ्यासाठी परत घ्यायची सोय आहे का ते विचारा. नसेल तर तिच्या जोडपट्टीवर सेलोटेप लावून ती पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि कंपनीच्या किंवा महापालिकेच्या ई-कचरा केंद्रात द्या. घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दबलेला सेल तिथेच पेट घेऊ शकतो.